दहा वाजून बारा मिनिटांचा स्फोट

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार

आज घरात आलेलं सामान:

तांब्याची जुनी तार, दीड किलो – रु. ३६
बांबू चार – रु. १०
सुईचे डबे दोन, कमरोद्दीनभाईंच्या मजुरीसह – रु. ६५
सुतळी आणि गोणपाट – रु. २.२५
शहागंजातून टांगा – रु. ३
एकूण ११६ रुपये २५ पैसे.

यात खायचं काही नाही, नेसायचं काही नाही. ह्यांना विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "सूर्य ऐकायला."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. सूर्याला अर्घ्य देतात, नमस्कार करतात, कुणी रविवारी मीठ सोडतात. ऐकतात कसा? तर म्हणे सूर्यावर मधूनच भडका उडतो आणि त्याच्या अंगावरचा तापलेला वायू ढगासारखा बाहेर फेकला जातो. तो ढग पृथ्वीवर येऊन आदळायला दोन-तीन दिवस लागतात. पण तो निघाला की रेडिओत जी खरखर होते, ती आठ मिनिटांत इथं पोचते. "पाहुण्याच्या आधी त्याचं कार्ड यावं तसं," म्हणाले. मी म्हटलं, आपल्याकडं पाहुणे आधी येतात आणि कार्ड मागून. यावर हसले नाहीत.

ह्यांच्या मनातला सल मला ठाऊक आहे. बहात्तरच्या ऑगस्टात हे पलटणीत वायरलेसवर होते. सेट दिवसभर खरखरला, एक निरोप हुकला, आणि साहेबानं 'सोनाजी ड्यूटीवर झोपला' असं लिहून चौदा दिवसांची सजा दिली. पुढं कुणीतरी सांगितलं की त्या आठवड्यात सूर्यच बिघडला होता. सात वर्षं झाली. माणूस विसरतो. हे विसरले नाहीत.

पण वेळ कोणती! कंपनीत चार वर्षं टेंपरवारी काढली. येत्या पंधरा डिसेंबरला सात जणांची यादी लागायची आहे, त्यात नाव आलं की कायम. अशा वेळी माणसानं खाली मान घालून राहावं की छतावर तारा बांधाव्यात?

आणि सूर्य दिवसा असतो, हे दिवसा कंपनीत असतात. मग सुई बघायची कुणी? "तू मॅट्रिक आहेस की," म्हणाले. लग्नाला बारा वर्षं झाली, माझं मॅट्रिक ह्यांना आज आठवलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

कमरोद्दीनभाई येऊन डबे लावून गेले. शहागंजात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हे दोघं बोलायला लागले की तिसऱ्यानं उठून जावं. चहा तीनदा केला.

"भाबी, ये डब्बा गाना नै गाता," म्हणाले. "इसको गाना सिखाना भी नै. खाली खर्र खर्र करता, और सुई हलती. बस."

मी म्हटलं, "म्हणजे घरात आता दोन सासवा."

"सासवा नाहीत, जावा," हे म्हणाले. एक डबा वरची लहर पकडतो, दुसरा खालची. तर वरचीचं नाव धाकटी आणि खालचीचं थोरली ठेवलं. मी ठेवलं. काहीतरी नाव असल्याशिवाय वहीत काय लिहायचं?

वही वेगळी घेतलेली नाही. हिशेबाचा रोजखर्डा आहे तोच; ही दैनंदिनी माझी, वेगळी. डाव्या पानावर घरखर्च, उजव्या पानावर सूर्य. नऊ ते तीन, दर दहा मिनिटांनी दोघींच्या सुया बघायच्या, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ टाकायची. जास्त हलली तर लगेच टिपायचं. रात्री हे उजवं पान एका कागदावर उतरवून घेतात आणि पुण्याकडच्या वेधशाळेतल्या साहेबांसाठी जपून ठेवतात. ते साहेब मराठी आहेत, दोन वर्षांमागं एका व्याख्यानाला आले होते, "काही मिळालं तर कळवा" म्हणून पत्ता दिला. लोक असं म्हणतात. पण ते खरं धरणारे आमच्याच घरात.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गाडी चुकता चुकता राहिली. सदऱ्याला तिसरं बटण नव्हतं. घड्याळ मी दहा मिनिटं पुढं ठेवते म्हणून निभावलं. चार वर्षांत ह्यांची कंपनीची गाडी एकदाही हुकलेली नाही, ती या दहा मिनिटांमुळं. याचं कौतुक कुणी करत नाही.

दुपारी छतावरच्या तारेवर दोन लुगडी आणि एक परकर वाळत घातला. तार मजबूत आहे, उगीच का वाया घालवायची? संध्याकाळी हे छतावर गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, सूर्याचा आवाज येतो तिथं परकर!"

मी म्हटलं, "सूर्यानंच वाळवला तो."

दिवसभराचं पान पाहून म्हणाले, अकरापासून दोघी कशा सुस्त पडल्यात बघ. ते तुझ्या ओल्या लुगड्यांनी. आता कपडे पुन्हा दारातल्या दोरीवर. तिथं धूळ बसते.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कंपनीची सुट्टी, डब्यांपाशी हे स्वतः बसले. म्हणजे मला आराम नव्हे. "वच्छे, पाणी." "वच्छे, पेन्सिल." "वच्छे, ऐक, ऐक." ऐकलं. भजी तळताना येतो तो आवाज.

शेजारच्या खोलीतली आशाबाई येऊन बसली. तिचा नवरा मोतीराम, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून निघालेल्या नामांतराच्या लाँग मार्चला गेला आहे. पाठीला पिशवी बांधून गेला, कुठं पोचला ते कळत नाही. ही माणसं गेल्या वर्षी इथं राहायला आली, गावाकडं त्यांचं घर जाळलं तेव्हा. चांगली आहे. साखर नेली तर परत आणून देते, आणि भरून आणते.

मी सहज बोलून गेले, "एका नावासाठी एवढं कशाला, बाई? विद्यापीठ तेच, मास्तर तेच."

तिनं विचारलं, "वैनी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"गिरजा."

"मग वच्छला कशी झाली?"

"लग्नात ठेवलं."

"ताटात तांदूळ घेतलं आसंल. अंगठीनं लिवलं आसंल. पेढं वाटलं आसंल." ती डब्याच्या सुईकडं बघत होती. "कुणी दगड मारला का?"

डाळ लागली म्हणून आत उठून गेले. डाळ लागली नव्हती.

२१ नोव्हेंबर, बुधवार

कालपासून खंडोबाचं षड्‌रात्र बसलं. नंदादीप, रोज माळ, सहा दिवस एकवेळ जेवण. त्यात दर दहा मिनिटांनी उठून सुई. देवापुढं बसले की थोरली खरखरते, थोरलीपुढं बसले की दिव्याचं तेल संपतं.

कडुबांनी, पलीकडच्या खोलीतल्या, तक्रार केली. त्यांचं रेडिओ सिलोन नीट लागत नाही ते म्हणे आमच्या तारेमुळं. मी म्हटलं, आमची तार काही सोडत नाही, नुसतं घेते. "तेच तर! आमची गाणी वढून घेती." लोकांच्या डोळ्यांत नको म्हणून डबे छतावरच्या टाकीआड ठेवले आणि वर गोणपाट टाकलं. आता दर दहा मिनिटांनी जिना. नऊ ते तीन, छत्तीस वेळा. उपासाच्या दिवसांत.

एक मात्र माझ्या लक्षात आलं, ह्यांना सांगेन म्हणते. दोघी एकदम फणकारल्या की पुढं काही होत नाही, पाच-दहा सेकंदांत गप्प. कुठल्याही घरात असंच असतं.

२५ नोव्हेंबर, रविवार. चंपाषष्ठी.

रविवारी चंपाषष्ठी, एवढा योग! भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आशाबाई आणि कडुबांची मंडळी तळी उचलायला. हे कंपनीत. वर डबे.

सुमारे दहाला कडुबांचं सिलोन एकाएकी मुकं झालं. खरखरसुद्धा नाही, साफ मुकं. ते तारेच्या नावानं बोलायला लागले. मी ताट खाली ठेवून वर पळाले. धाकटीची सुई पार उजव्या टोकाला, थरथरत होती. घड्याळ वर नाही, म्हणून जिन्याच्या तोंडातून खाली ओरडले, "आशाबाई, किती वाजले?" खालून आवाज आला, "धा वाजून बारा!" थोरली स्वस्थ. मला वाटलं, थोरली बिघडली. पासष्ट रुपयांतले निम्मे गेले. तेवढ्यात तिचीही सुई उठायला लागली, दमानं, जिना चढल्यासारखी. पुन्हा ओरडले. "धा वाजून एकोणीस!"

म्हणजे आधी धाकटी, मग सात मिनिटांनी थोरली. एकदम नव्हे. असं या तीन आठवड्यांत कधी झालं नव्हतं. अर्धा तास चाललं. मी तिथंच उन्हात बसून लिहीत राहिले. खाली "येळकोट येळकोट" झालं, तळी माझ्याविना उचलली. देव क्षमा करो. तोही रविवारचाच देव आहे.

हे चारला आले. वही बघितली, पुन्हा बघितली, आणि खाली बसले. "वच्छे," म्हणाले, "ढग निघाला. हा धक्का बाहेर जाताना लहर उतरत जाते. वरून खाली. तू लिहिलंस ते तेच आहे."

मी म्हटलं, "बिघाड नाही ना?"

डोळे पुसत होते. भरताचा तिखटपणा असेल.

वेधशाळेला ताबडतोब कळवायचं. हे म्हणाले, पाकीट आण. पाकिटाला, आंतर्देशीयाला जास्त पैसे पडतात, चार ओळींना कार्ड पुरे. घरात पंधरा पैशांचं कार्ड होतंच. ह्यांचं वहीतून डोकं निघेना म्हणून मीच लिहिलं, आणि नक्कल इथं ठेवते:

"सा. न. वि. वि. आज रविवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मोठा स्फोट झाला. आधी धाकटीकडे व सात मिनिटांनी थोरलीकडे. दोन दिवसांत वादळ पोचेल, तरी आपण सावध असावे. दोन्ही डबे छतावर सुखरूप आहेत. लोकांना संशय नको म्हणून वर गोणपाट टाकले आहे. कळावे. सोनाजी शिंगाडे, चिकलठाणा."

अक्षर चांगलं आलं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

आज रेडिओ धड लागत नाही. बातम्या पाण्याखालून बोलल्यासारख्या. कडुबांनी तारेला हात लावायची धमकी दिली. हे मात्र कंपनीतून येऊन गावभर पेढे वाटतील अशा तोंडानं फिरत होते. "आलं बघ! परवा म्हटलं, आज आलं!"

आशाबाई बातम्या ऐकायला आली होती. लाँग मार्चवाल्यांना वाटेत धरल्याचं ऐकलं म्हणाली. नक्की कुठं, किती जण, काही कळेना. सगळा आवाज हेलकावे खात होता. ती कान लावून बसली आणि हे शेजारी बसून आनंदानं मांडीवर थापा मारत होते. मी ह्यांना चिमटा काढला.

२८ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस आले. एक फौजदार आणि तीन शिपाई.

फौजदारांच्या हातात माझं कार्ड. पुण्याला पोचलंच नाही. टपालात कुणीतरी वाचलं आणि पोलिसांकडं दिलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"थोरली कोण? धाकटी कोण?"

"डबे आहेत, साहेब."

"डब्यांत काय आहे?"

म्हटलं, "सूर्य."

शिपाई हसला. फौजदार हसले नाहीत. "बाई, शहरात जमावबंदी आहे. सहा तारखेला मार्च इथं पोचायचा, तेव्हा काय होईल याचा आम्हाला घोर. त्यात तुम्ही उघड्या कार्डावर लिहिता, स्फोट झाला, डबे छतावर, लोकांना संशय नको! शेजारी मोतीराम राहतो, तो मार्चात. आता सांगा मी काय समजू?"

हे पुढं झाले, सूर्य, वायू, लहर सगळं सांगायला लागले. जितकं सांगत तितकं अवघड होत गेलं. शेवटी म्हणाले, "साहेब, कार्डात लिहिलं होतं दोन दिवसांनी वादळ येईल, आणि ते काल आलं की नाही? रेडिओ बंद पडले की नाही?"

झालं. फौजदारांचा चेहराच बदलला. काल दिवसभर त्यांचा वायरलेसही बंद होता. बाहेरच्या ठाण्यांशी बोलणं होईना, ऐन बंदोबस्तात. "म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं!"

माणसाला कधी बोलावं कळत नाही. बारा वर्षं सांगते आहे.

मला विचारलं, या डब्यांचं लायसन्स? मी रेडिओचं लायसन्स काढून दाखवलं, सगळी तिकिटं लावलेली. म्हटलं, हे दोघे गात नाहीत, म्हणून वेगळं काढलं नाही. ते काही त्यांना पटलं नाही. थोरली नेली, धाकटी नेली, रोजखर्डा नेला, उतरवलेले कागद नेले, ह्यांना नेलं. ही दैनंदिनी तुरीच्या डाळीच्या डब्यात होती म्हणून वाचली.

जाताना हे मला म्हणाले, "मी झोपलो नव्हतो, वच्छे." आजचं म्हणत होते की बहात्तरचं, कळलं नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी सोडलं. मारलं नाही. रोज सकाळी ठाण्यावर हजेरी द्यायची. कंपनीला मात्र कळवलं आहे. तिथले साहेब म्हणाले, सध्या घरी बसा आणि वेधशाळेकडून लेखी आणा की हा प्रकार खरोखर सूर्याचा. आणलं तर पंधरा तारखेच्या यादीत नाव राहील. नाही तर यादीतून गेलं, आणि टेंपरवारीसुद्धा गेली समजा.

फौजदार म्हणाले, पत्र लिहायचं तर उघड्या कार्डावरच लिहा. आम्ही वाचू, मग पुढं जाईल.

म्हणजे पंधरा पैशांतच झालं. पण आज त्याचा आनंद वाटला नाही. पाकीट घेतलं असतं तर हे घडलंच नसतं. ह्यांनी पाकीट आण म्हटलं होतं. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर, शनिवार

नवं कार्ड टाकलं. 'स्फोट' लिहिला नाही, 'खरखर' लिहिलं. वही नाही, तेव्हा या दैनंदिनीवरूनच वेळा घातल्या: रविवार २५, दहा वाजून बारा, दहा वाजून एकोणीस. 'कृपया आपल्या नोंदीत पाहून लेखी द्यावे.'

मग शहागंजात कमरोद्दीनभाईंकडं गेले. दुकान निम्मं उघडं. मला बघून आत घेतलं आणि आधी विचारलं, "भाबी, मेरा नाम तो नै लिया ना किसीने?" नाही म्हटलं. मग हात जोडले, मग स्वतःलाच शिव्या दिल्या, "डर्ता मैं, क्या करूं," आणि फळीवरून एक डबा काढून पदरात टाकला. तिसरा. धाकटीचीच बहीण. "सोनाजीकू बोलो, सूरज छुट्टी नै लेता."

पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आले, तर माझ्यामागं धावत येऊन परत दिले.

हे तिसऱ्या डब्याला हात लावत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडतात. मीच जाऊन बघते. सवय लागली आहे म्हणून, दुसरं काही नाही.

६ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर पोलिसांच्या गाड्या. दुकानं बंद. मोतीरामाचं काही कळलं नाही. धरलेल्यांना ठेवलंय म्हणतात त्या तुरुंगाच्या पत्त्यावर आशाबाईनं अंदाजानंच कार्ड लिहून घेतलं माझ्याकडून. तिनं सांगितलं, मी लिहिलं. शेवटी विचारलं, आणखी काही? तर म्हणाली, "लिवा, घर हाय." बस एवढंच. मी तसंच लिहिलं.

मग बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं तिनं मेणबत्ती लावली. मी उंबऱ्यात उभी होते, आत गेले, हात जोडले. ती थोडी सरकून बसली.

१० डिसेंबर, सोमवार

पुण्याचं उत्तर आलं. आधी फौजदारांच्या हातातून मग आमच्या. टंकलेखित, तीन ओळी. "आपण कळविलेल्या दिवशी १०.१२ वाजता सुरू झालेली कोणतीही घटना आमच्या नोंदीत नाही. स्थानिक विद्युत उपकरणांमुळे असा आवाज येऊ शकतो."

फौजदार म्हणाले, "आता?"

ह्यांनी कार्ड वाचलं आणि घडी घातली. कार्डाची घडी होत नाही, तरी घातली. घरी आल्यावर म्हणाले, "तेव्हाही असंच लिहिलं होतं माझ्याबद्दल. दोनदा लिहिलं म्हणजे खरंच असेल."

मी भांडले. म्हटलं, मी उन्हात बसून लिहिलंय! मी झोपले नव्हते! माझ्या डोळ्यांनी सुई बघितली! पुण्याचे साहेब तेव्हा कुठं होते? नैवेद्याला तरी होते का? खूप बोलले. भांडी आपटली. एक वाटी चेपली.

११ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आशाबाई सातच्या बातम्यांना आली. मोतीरामाचं नाव बातम्यांत यायचं नाही हे तिलाही कळतं, तरी येते. हे हजेरीला निघत होते. रेडिओवर पीप पीप वाजलं आणि "सकाळचे सात वाजले आहेत" म्हणाले.

आशाबाईनं भिंतीकडं बघितलं. "वैनी, तुमचं घड्याळ लई पळतंय व्हय? सात वाजून धा झाल्यात हितं."

"अगं, ते मुद्दाम. दहा मिनिटं पुढं ठेवते, ह्यांची गाडी—"

आणि मी थांबले.

हेही दारात थांबले. चप्पल हातात.

"वच्छे," म्हणाले, "तू वेळा लिहिताना दहा वजा करत होतीस ना?"

"मी कशाला करू? मला वाटलं, तुम्ही उतरवताना वजा करता."

"मला वाटलं, तू वजा करूनच लिहितेस."

चार वर्षं या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. ठाऊक असलेली गोष्ट कोण कुणाला सांगतं? सव्वासहा झाले की हे म्हणतात "सहा-पाच", मीही म्हणते "सहा-पाच", आणि घड्याळ बिचारं सव्वासहाच दाखवत राहतं. एकट्या आशाबाईनं त्या दिवशी दिसलं तसं सांगितलं, आणि मी ऐकलं तसं लिहिलं.

आशाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता काय करावं या नवराबायकोला! दोघं मिळून सूर्यालाच उशीर केला की!"

हे हसले. पंधरा दिवसांनी. चप्पल टाकून खाली बसून हसले, मग उठून म्हणाले, "कार्ड आहे का घरात?"

आहे. एकच. आज अकरा, पोचायला दोन दिवस, यायला दोन. पंधरा तारीख. ह्यांनी 'तू लिही' म्हटलं. कुणाच्या नावानं, विचारलं. म्हणाले, "बघितलं कुणी?"

फौजदारांना द्यायच्या आधी नक्कल:

"सा. न. वि. वि. आपले कार्ड पोचले. २५ नोव्हेंबरची नोंद सोनाजींची नाही, माझी आहे. चूकही माझी आहे. आमच्या घरचे घड्याळ कंपनीची गाडी चुकू नये म्हणून दहा मिनिटे पुढे असते, व माझ्याकडून ते वजा करण्याचे राहिले. तरी आपण १०.१२ ऐवजी १०.०२ व १०.१९ ऐवजी १०.०९ पाहावे. वरच्या लहरीवर आधी व खालच्या लहरीवर सात मिनिटांनी, असे आपल्याकडेही असेलच, कारण सूर्य आपला व आमचा एकच आहे. असल्यास तसे दोन ओळींत लेखी द्यावे. एका माणसाची नोकरी पंधरा तारखेला ठरते, व तो झोपला नव्हता. नसल्यास तसेही लिहावे, पण कृपया १०.०२ पाहिल्याशिवाय लिहू नये.

वाटेत हे कार्ड वाचणाऱ्या साहेबांस नमस्कार. त्यांनी वाचून लगेच पुढे धाडावे. यात स्फोट नाही.

नोंद घेणारी, सौ. वच्छला सोनाजी शिंगाडे (मॅट्रिकच्या दाखल्यावर गिरजा), चिकलठाणा. घड्याळ आजपासून बरोबर लावले आहे.

उलट टपाली कळवावे."